तबकडीची दुसरी बाजू

जुन्या वस्तूंचा मनुष्यास जो लोभ असतो तो बहुधा त्या वस्तूंच्या मोलामुळें नसतो. आपल्या माणसांचा हात त्यांस लागला होता, या जाणिवेमुळें असतो. आजोबांचा अडकित्ता, आजीची चंदनाची सहाण, काकांची काडी मोडलेली छत्री या जिनसा आपण जपून ठेवतों त्या एवढ्यासाठींच. परंतु हात लागलेल्या वस्तू मागें पुष्कळ राहतात. आवाज मात्र राहत नाहीं. ज्या घराच्या भिंतीवर तीन पिढ्यांच्या तसबिरी ओळीनें टांगलेल्या असतात, त्या घरांत त्यांपैकीं एकाचाहि आवाज हल्लींच्या मंडळींनीं ऐकलेला नसतो. पणजोबा कसे दिसत असत हें तसबीर सांगते. ते कसे रागावत, कसे हंसत, आरतीच्या वेळीं कोणता सूर धरीत, हें सांगणारें कांहींच उरत नाहीं. तेव्हां असा एखादा आवाज एखाद्या घराला अकस्मात् परत मिळाला, तर तें मोठें भाग्यच म्हणावयाचें. परंतु त्या भाग्याचें पुढें करावयाचें काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नसतो. आमच्या घरापुढें तो उभा राहिला, आणि त्यावरून घरांत जो वाद झाला तो वाचकांस सांगण्याजोगा वाटला म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या वर्षीं आमचा शनिवार पेठेंतला वाडा नव्या इमारतीसाठीं रिकामा करावयाचें ठरलें. पुण्याच्या पेठांतले वाडे असे एकामागून एक जात आहेत, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे माळेहि जात आहेत. माळा म्हणजे मराठी कुटुंबाचें दप्तरच. जें टाकवत नाहीं आणि वापरवतहि नाहीं, तें सारें तेथें जाऊन पडतें. आमच्या माळ्यावरून पितळी घंगाळें निघालीं, पाळण्याच्या कड्या निघाल्या, तीन पायांचा चौरंग निघाला, आणि सर्वांत शेवटीं पत्र्याची एक गंजलेली ट्रंक निघाली. तींत गणपतीच्या मेळ्याच्या पदांच्या पुस्तिका, एक जरीची टोपी आणि तपकिरी कागदाच्या पाकिटांत ग्रामोफोनची एक तबकडी होती.

तबकडी दहा इंची. तिच्यावर ना कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचें चित्र, ना कोणा प्रसिद्ध गवयाचें नांव. मधोमध साधा पांढरा कागद, त्यावर शाईनें लिहिलेलें आमच्या आळीच्या मेळ्याचें नांव आणि ‘१९३८’ हा आंकडा; कागदालगत लाखेंतच उमटलेला एक क्रमांक. सामान पाहावयास आलेल्या जुन्या बाजारांतल्या एका व्यापाऱ्यानें ती उलटसुलट करून पाहिली आणि बाजूस ठेवली. “सिनेमाचीं गाणीं असतीं तर घेतली असती. बालगंधर्व असते तर विचारायलाच नको. हिच्यावर नांवच नाहीं. हिचें कोण काय देणार?” असा त्याचा निकाल पडला. व्यापाराच्या दृष्टीनें तो बरोबरच होता.

ओसरीवर आमच्या आत्याबाई बसल्या होत्या. वय ९५. पस्तीस वर्षें शाळेंत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या, त्यासहि आतां तितकींच वर्षें लोटलीं. त्यांनीं भिंग मागवून कागदावरचें अक्षर वाचलें, तबकडी मांडीवर ठेवली, आणि “यांत अण्णा आहे” एवढेंच म्हणाल्या.

अण्णा म्हणजे आमचे थोरले काका. १९४३ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, विषमज्वरानें ते गेले. आमचे वडील भावंडांत सर्वांत धाकटे. त्यांनाहि या भावाची आठवण नव्हती. आमच्या पिढीनें काकांस पाहिलें तें केवळ तसबिरींत: डोक्यावर काळी टोपी, आणि ओठ घट्ट मिटलेले.

मेळा म्हणजे काय, हें आतां घरांतल्या मुलांस समजावून सांगावें लागतें. १८९३-९४ च्या सुमारास पुण्यांत गणेशोत्सवास सार्वजनिक रूप आलें, आणि त्याच्या पाठोपाठ मेळे निघाले. वीस-तीस मुलें एकसारखा पोषाख करून ओळीनें उभीं राहत. बरोबर बाजाची पेटी, तबला व झांजा. गोड गळ्याचा एक मुलगा पुढें होऊन पद म्हणे व बाकीचे झील धरीत. आरंभीं गणेशस्तवन, मग देशभक्तीचीं पदें, आणि रात्र चढली कीं विनोदी संवाद व चालू काळावरचीं चिमटे घेणारीं गाणीं. चाली बहुधा गाजलेल्या नाट्यपदांच्या असत, त्यामुळें पद नवें असलें तरी श्रोत्यांस तें पहिल्या कडव्यापासूनच आपलें वाटे. एका गणपतीपुढें म्हणून झालें कीं मेळा दुसऱ्या गणपतीकडे जाई. पदांच्या पुस्तिका छापून विकल्या जात. त्यांतल्या राजकीय पदांवर सरकारची करडी नजर असे.

या मेळ्यांच्या विनोदाचा मारा कोणावर होई, हेंहि सांगितलें पाहिजे. परकी सरकार हें एक लक्ष्य खरें. परंतु सरकारवर उघड बोलणें धोक्याचें आणि सुधारकांवर बोलणें सोयीचें, त्यामुळें पहिल्या दशकापासूनच सुधारकांची टर उडविणें हा मेळ्यांचा आवडता विषय होऊन बसला. पुढें १९२० नंतरच्या काळांत ब्राह्मणेतर पक्षाचा छत्रपति मेळा निघाला, आणि मेळ्यामेळ्यांतून एकमेकांस पद्यांत उत्तरें दिलीं जाऊं लागलीं. आणि या सर्व काळांत एक गिऱ्हाईक कायमचें होतें: शिकलेली मुलगी. १८८४ सालीं हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली तेव्हांपासून मुलींनीं काय शिकावें व किती शिकावें यावर पुण्यांत वाद चाललाच होता. वर्तमानपत्रांत तो लेखांतून चाले. गल्लींत तो मेळ्यांतून गाइला जाई.

आमची तबकडी कशी निघाली तें आत्याबाईंनीं सांगितलें. १९३८ च्या उत्सवांत आमच्या आळीच्या मेळ्याचें फार नांव झालें. तेव्हां मेळ्याच्या मास्तरांच्या मनानें घेतलें कीं, आपल्या मुलांचें गाणें तबकडीवर उतरावें. मुंबईच्या एका लहान कंपनीनें सांगितलें कीं ठराविक प्रती तुम्हीं स्वतः विकत घेत असाल तर आम्ही उतरवून देतों. आळींतल्या घरांनीं वर्गणी केली. एका रविवारीं पहांटेच्या गाडीनें मुलें मुंबईस गेलीं, दोन पदें म्हणून रात्रीं परत आलीं, आणि महिन्या-दोन महिन्यांनीं तबकड्यांचा खोका आला. वर्गणीदारांस एक एक प्रत मिळाली. उरलेल्या मास्तरांच्या नदीकांठच्या घरीं राहिल्या. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि मुठेच्या पुरानें नदीकांठच्या पेठांतलीं घरेंच्या घरें नेलीं, त्यांत तो खोकाहि गेला. आमच्या वाड्यांतहि पाणी शिरलें होतें. तबकडी माळ्यावर होती म्हणून वांचली.

ज्यांनीं लाखेची तबकडी हातांत धरलेली नाहीं त्यांस तिचें नाजूकपण सांगूनहि समजावयाचें नाहीं. पळस, कुसुंब, बोर अशा झाडांवर एक बारीकसा किडा लाख तयार करतो. त्या लाखेंत दगडाची बारीक पूड व काजळी मिसळून ही तबकडी दाबून काढीत. मिनिटास ७८ फेरे, आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचें गाणें. पोलादी सुई प्रत्येक बाजूस नवी लावावयाची, नाहीं तर झिजलेली सुई गाणेंच खरवडून काढते. १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास गौहरजानबाईंचें गाणें उतरविलें गेलें, तें छापलें गेलें जर्मनींतल्या हॅनोव्हर शहरीं. लाख आमची, गळा आमचा, आणि तबकडी मात्र समुद्र ओलांडून यावयाची! १९०८ सालीं कलकत्त्यास कारखाना निघाला तेव्हां कोठें हा हेलपाटा थांबला.

आजोबांच्या ग्रामोफोनची कमान केव्हांच तुटली होती. आणि ती शाबूत असती तरी एकुलत्या एक तबकडीवर पोलादी सुई टेकविण्याचें धैर्य आम्हांस झालें नसतें. तबकड्या जमविण्याचा नाद असलेले आमचे एक स्नेही आहेत. त्यांनीं ती मऊ कुंचल्यानें व पाण्यानें स्वच्छ केली, विजेच्या यंत्रावर बेताच्या वजनाची, त्या रुंद चाकोरीला जुळणारी सुई लावली, आणि गाणें संगणकांत उतरवून घेण्याची तजवीज केली. त्या दिवशीं आम्ही घरचीं अकरा माणसें त्यांच्या दिवाणखान्यांत बसलों होतों. आत्याबाई खुर्चीवर, बाकीचे सतरंजीवर.

प्रथम पाऊस पडावा तसा खरखराट. मग पेटीचा सूर, आणि त्यावर एका बारा वर्षांच्या मुलाचा आवाज. गणेशस्तवन होतें. आवाज पातळ, परंतु स्वच्छ. वरच्या षड्जावर जातांना किंचित् घाई करणारा. एके ठिकाणीं श्वास पुरला नाहीं म्हणून शब्दाचें शेवटचें अक्षर गळून पडलें, तोंच मागच्या मुलांनीं झील उचलली आणि सांवरून घेतलें. आत्याबाईंनीं डोळे मिटले होते. गाणें संपल्यावर त्या म्हणाल्या, “तो तेथें नेहमींच अडखळत असे. मास्तर छडी दाखवीत.” आमच्यांतल्या कित्येकांच्या डोळ्यांस पाणी आलें, त्यांच्या आलें नाहीं. आमचे सर्वांत धाकटे चुलत बंधु बोलतांना शब्द जेथें तोडतात तेथेंच हा मुलगा तोडीत होता, हें आमच्या सूनबाईंनीं प्रथम टिपलें. ऐंशीं वर्षांहून अधिक काळ जी खोड रक्तांतून गुपचूप चालत आली होती, तिचें उगमस्थान त्या क्षणीं आम्हांस दिसलें.

मग तबकडी उलटली.

दुसऱ्या बाजूस विनोदी पद होतें. काका यांत शिकलेल्या मुलीचें सोंग घेऊन, आवाज मुद्दाम किनरा करून गात होते. ही मुलगी चष्मा लावते, सायकलीवर बसते, वर्तमानपत्र वाचते. तिला फोडणी देतां येत नाहीं आणि सासूस नमस्कार करतां येत नाहीं. नवरा चूल फुंकतो व ही त्यास इंग्रजींत हुकूम सोडते. प्रत्येक कडव्याशेवटीं मागचीं मुलें तिची हुर्यो उडवितात. चाल अशी उडती कीं पाय आपोआप ताल धरूं लागावा. आणि खरोखरच एकदोघांनीं तो धरलाहि होता. शब्द कानीं पडूं लागले तसा तो थांबला. पहिल्या बाजूनंतर ज्या खोलींत सर्वजण एकदम बोलूं लागले होते, त्या खोलींत आतां कोणीच बोलेना. कारण समोर खुर्चीवर जी वृद्ध स्त्री बसली होती ती हुजूरपागेंत शिकलेली, अण्णासाहेब कर्व्यांच्या महिला विद्यापीठाची पदवी घेतलेली आणि सायकलीवर बसून पस्तीस वर्षें शाळेस गेलेली होती.

घरीं आल्यावर वादास तोंड फुटलें. आमच्या मोठ्या बंधूंचें म्हणणें पडलें कीं, पहिली बाजू नातलगांस पाठवावी, दुसरीचा उच्चार करूं नये; काकांच्या नांवास उगाच बट्टा कशास? धाकट्या वहिनी म्हणाल्या, त्यांत एवढें काय आहे, तो काळच तसा होता, थट्टेस थट्टा म्हणावें आणि सोडून द्यावें. यावर आमची पुतणी, जी यंत्रशास्त्र शिकते, ती उसळून म्हणाली, “काळ तसा होता हें त्या काळच्या मुलींना विचारलें होतें का कोणी?” आणि तिच्या मतें ती बाजू पुसूनच टाकावयास हवी होती. दोन दिवस घरांत हाच विषय. गंमत अशी कीं, ज्यांना विचारावयाचें त्यांनाच कोणीं विचारलें नव्हतें. तिसऱ्या दिवशीं जेवणें झाल्यावर आत्याबाईच आपण होऊन बोलल्या.

त्या म्हणाल्या: “१९३८ सालीं मी आठ वर्षांची होतें. अण्णा नऊवारी लुगडें नेसून हें पद म्हणे तेव्हां सर्वांत मोठ्यानें मी हंसत असें. माझा अण्णा लुगडें नेसला आहे, याची गंमत. शब्दांकडे कोणाचें लक्ष! आणि तोच अण्णा सकाळीं माझें दप्तर घेऊन मला हुजूरपागेच्या दारापर्यंत पोंचवी. त्रैराशिक त्यानेंच मला शिकविलें. मुलीला इंग्रजी शाळेंत कशाला ठेवतां, असें एकदां आजोबा म्हणाले, तर जेवणावरून उठून गेला. पद मास्तरांनीं दिलें होतें. त्यानें म्हटलें.”

एवढें बोलून त्या थांबल्या. आम्हांस वाटलें, झालें, प्रकरण मिटलें. परंतु त्या पुढें म्हणाल्या: “पुढें मी कॉलेजांत जाऊं लागलें. आम्ही तिघीचौघी सायकलीवरून निघालों कीं नाक्यावरचीं मुलें मागून हेंच पद म्हणत. हेंच, याच चालीवर. तेव्हां मला प्रथम त्याचा अर्थ कळला. आणि तें पद मला पाठ आहे तें कोणाच्या आवाजांत, हेंहि त्याच वेळीं आठवलें. अण्णाला जाऊन तेव्हां पांच वर्षें झालीं होतीं. त्याला विचारतां आलें नाहीं, त्याच्यावर रागावतां आलें नाहीं. आतां परवां तें पुन्हां ऐकलें. रागहि आला, आणि अजून थोडें ऐकूं द्या असेंहि वाटलें. तुम्ही एक बाजू ठेवून दुसरी टाकूं म्हणतां. मला तें जमलें नाहीं, तुम्हांला तरी कसें जमेल?”

यावर पुतणीहि कांहीं बोलली नाहीं. रात्रीं ती आत्याबाईंच्या पलंगाशीं बसून त्या जुन्या पुस्तिकेंतलीं पदें त्यांना वाचून दाखवीत होती, आणि कोणतें पद कोणावर रचलेलें तें विचारून समासांत लिहून घेत होती.

आम्ही मात्र त्या रात्रीं दुसराच विचार करीत होतों. काळ कोणाचा आवाज राखतो आणि कोणाचा नाहीं, याला कांहींच धरबंद नाहीं. ज्यांनीं १९११ सालीं पुण्यांत भारत गायन समाज स्थापिला, बालगंधर्व व मास्तर कृष्णराव ज्यांचे शिष्य, त्या भास्करबुवा बखल्यांचें गाणें १९२२ सालीं त्यांच्याबरोबर गेलें. त्यांची एकहि तबकडी आज उपलब्ध नाहीं. अल्लादियाखांसाहेब १९४६ पर्यंत होते, त्यांचीहि नाहीं. आणि शनिवार पेठेंतल्या एका अडखळणाऱ्या मुलाचीं सहा-सात मिनिटें शाबूत राहिलीं! मोठ्या कंपन्या मोठीं नांवें पाहत. लहान कंपन्यांनीं मात्र हौशी व नवख्या मंडळींसाठीं दार उघडें ठेवलें. १९३५ ते १९५५ या काळांत मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीनें ‘यंग इंडिया’ या नांवानें तबकड्या काढल्या, त्यांत असे किती तरी गळे आहेत. कंपनी बंद पडल्यावर त्या घरोघर, माळ्यांवर व भंगारांत विखुरल्या. १९९० सालीं मुंबईंत तबकड्या जमविणाऱ्या मंडळींनीं एक संस्था काढली. तिचे चिटणीस सुरेश चांदवणकर हे व्यवसायानें भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनीं ठिकठिकाणच्या संग्राहकांकडून ‘यंग इंडिया’च्या तबकड्या गोळा करून लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्यानें त्या संगणकांत उतरवून घेतल्या. ज्यांस बाजारांत कोणी विचारीत नव्हतें, त्यांस अशा रीतीनें दप्तरांत जागा मिळाली.

परंतु अशा विद्वान् मंडळींस तबकडीवरचा क्रमांक वाचतां येतो. आवाज कोणाचा हें सांगतां येत नाहीं. तें केवळ घरच्या माणसांस सांगतां येतें, आणि तेंहि तीं माणसें असतात तोंवरच. आमच्या तबकडीवर काकांचें नांव नाहीं. आत्याबाई नसत्या तर ती ‘एक मेळा, १९३८’ एवढीच राहिली असती; दुसऱ्या बाजूवरून एखाद्या अभ्यासकानें त्या काळच्या समाजावर एक परिच्छेद लिहिला असता, आणि दप्तर घेऊन हुजूरपागेपर्यंत जाणारा मुलगा त्यांत कोठेंहि दिसला नसता. उलट आम्हीं पहिलीच बाजू ठेवली असती तर नाक्यावर मागून येणारें तें गाणें आमच्या घरांतून निघालें होतें, ही गोष्ट पुढच्या पिढीस कधींच कळली नसती. आपल्या वाडवडिलांविषयीं बोलतांना आपण बहुधा यांपैकीं एकच कांहीं तरी करतों. कोणी त्यांचीं स्तवनें तेवढीं लावतो, कोणी हुर्यो तेवढी. दोन्ही एका दमांत ऐकण्यास छाती लागते. ती आमच्या घरांत सर्वांत वृद्ध माणसापाशीं निघाली.

ज्या वाचकांच्या माळ्यावर अशी एखादी काळी तबकडी असेल त्यांस आमची विनंति एवढीच कीं, ती भंगारांत घालूं नये, आडवी रचून वर वजन ठेवूं नये, आणि तिच्यांत कोण आहे हें घरांतल्या वडील मंडळींस आजच विचारून घ्यावें. आमच्या तबकडीच्या दोन्ही बाजू संगणकांत उतरल्या आहेत, आणि एक प्रत आमच्या त्या स्नेह्यांच्या संग्रहांत दिली आहे. मूळ तबकडी नव्या पाकिटांत घालून आत्याबाईंच्या कपाटांत उभी ठेवली आहे. पाकिटावर काय लिहावें म्हणून विचारलें, तर त्यांनीं लेखणी मागितली. हात कांपतो, तरी अक्षर अजून शाळेच्या फळ्यावरचेंच. अण्णाचें पूर्ण नांव, त्याखालीं ‘वय १२’, त्याखालीं साल. मग पाकीट उलटें करून दुसऱ्या बाजूच्या नोंदीसाठीं लिहिलें: ‘शब्द मास्तरांचे. आवाज आमच्या अण्णाचा.’